पटावरचे सुलतान

१९३० साल संपत आले होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी नाताळनंतर दरवर्षी भरते तशी बुद्धिबळाची स्पर्धा भरली होती. बाहेर समुद्रावरून येणारा बोचरा वारा, आत धुराने आणि कुजबुजीने भरलेली खोली. एका पटाभोवती जरा जास्तच गर्दी जमली होती. पटाच्या एका बाजूला होता क्यूबाचा होजे राऊल कापाब्लांका. १९२१ ते १९२७ अशी सहा वर्षे जगज्जेता राहिलेला, देखणा, हसतमुख आणि बुद्धिबळाचे यंत्र म्हणून अवघ्या जगाने डोक्यावर घेतलेला. १९१६ ते १९२४ या आठ वर्षांत या गृहस्थाला स्पर्धेत एकाही डावात कोणी हरवू शकले नव्हते. आणि त्याच्या समोर, डोक्याला फेटा बांधून, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता बसले होते पंजाबातल्या एका खेड्यातून आलेले सुलतान खान.

युरोपीय पद्धतीचे बुद्धिबळ शिकून त्यांना पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांवर इंग्रजी-जर्मन भाषांत जी जाडजूड पुस्तके लिहिली गेली होती, ती त्यांनी कधी अभ्यासलेली नव्हती. तरीही पासष्ट खेळ्यांनंतर कापाब्लांकाने डाव सोडून दिला. माजी जगज्जेता हरला होता आणि हिंदुस्थानचे सुलतान खान जिंकले होते.

आज आपल्याकडे शाळकरी पोरेही ग्रँडमास्टर होतात. विश्वनाथन आनंद १९८८ साली देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला, २०२४ साली गुकेश जगज्जेता झाला, २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. या साऱ्या यशाच्या कितीतरी आधी, जेव्हा या उपखंडात बुद्धिबळाची संघटना नव्हती, शिक्षक नव्हते की पुस्तके नव्हती, तेव्हा एक माणूस एकटाच त्या शिखरापर्यंत जाऊन आला. आणि मग मुकाट्याने घरी परतून शेती करू लागला. त्याची ही कहाणी.

मिठा टिवाणाचा मुलगा

सुलतान खान यांचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी पहिल्या वर्षांतला. गाव मिठा टिवाणा. तेव्हाच्या अखंड पंजाबातल्या खुशाब-सरगोधा भागातले हे गाव आज पाकिस्तानात आहे. घराणे अवान मुसलमानांचे. गावात मान असलेले, पीर म्हणून ओळखले जाणारे. वडील मियाँ निजामुद्दीन हे स्वतः बुद्धिबळाचे शौकीन. त्यांनीच नऊ वर्षांच्या सुलतानला पटासमोर बसवले आणि मोहरे कसे चालतात ते दाखवले.

पण हा पट आजच्या स्पर्धेतला नव्हता. तो होता आपल्या देशी बुद्धिबळाचा. ज्यांच्या घरी आजोबांनी लाकडी मोहरे जपून ठेवले असतील त्यांना हा खेळ ठाऊक असेल. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादे ही मंडळी तीच. घोड्याची अडीच घरेही तीच. परंतु काही नियम वेगळे. आंतरराष्ट्रीय खेळात प्यादे पहिल्या चालीला दोन घरे उडी घेऊ शकते. देशी खेळात ते एकेक घरच सरकते. आंतरराष्ट्रीय खेळात राजा आणि हत्ती मिळून किल्लेकोट करतात, राजा कोपऱ्यात सुरक्षित जाऊन बसतो. देशी खेळात किल्लेकोट नाही, राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते, तीही शह बसलेला नसेल तर. तिकडे शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचा हवा तो मोहरा करून घेता येतो. इकडे ज्या मोहऱ्याच्या रांगेत प्यादे पोहोचले, त्याच मोहऱ्याचा मान त्याला मिळतो.

हे फरक वरवर किरकोळ वाटतात. पण त्यांनी खेळाचा सगळा स्वभावच बदलतो. प्यादी एकेक घर सरकतात तेव्हा दोन्ही फौजा समोरासमोर यायला वेळ लागतो. झटपट हल्ला करून डाव उरकता येत नाही. आपले मोहरे नीट लावून घ्यायचे, समोरच्याच्या तटबंदीत फट कुठे आहे ते शोधायचे, आणि एकेक प्यादे जिवापाड जपत शेवटाकडे न्यायचे, असा तो धीराचा खेळ. सुलतानच्या हाडीमासी हा धीर मुरला तो इथे. पुढे युरोपातल्या समीक्षकांना त्यांच्या खेळाचे जे कोडे पडले, त्याचे उत्तर बरेचसे या गावच्या पटावरच होते.

विशी ओलांडेपर्यंत पंजाबात सुलतान खान यांच्या तोडीचा खेळाडू उरला नव्हता.

सर उमर यांच्या पदरी

त्याच भागात कालरा नावाची मोठी जहागीर होती. तिचे मालक सर उमर हयात खान टिवाणा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जाऊन आलेले, इंग्रजांच्या दरबारी वजन असलेले बडे जमीनदार. त्यांचे चिरंजीव खिजर हयात खान पुढे अखंड पंजाबचे शेवटचे पंतप्रधान झाले. सर उमर यांना शिकारीचा, घोड्यांचा आणि बुद्धिबळाचा नाद होता.

आपल्याकडे संस्थानिकांनी पदरी मल्ल ठेवावेत, गवई ठेवावेत, ही जुनी रीत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना खुराक दिला आणि अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला, म्हणून ती कुस्ती आणि ते गाणे वाढले. सर उमर यांनी तसाच बुद्धिबळपटू पदरी ठेवला. राहण्या-जेवणाची सोय केली, मानधन बांधून दिले आणि अट घातली ती एकच: विलायती नियमांचे बुद्धिबळ शिकायचे.

सुलतान खान ते शिकले. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा झाली. नऊ डावांपैकी आठ त्यांनी जिंकले, एक बरोबरीत सोडवला, हरले एकही नाही. एखाद्या पाहुण्याने यावे आणि घरच्या मंडळींनी चकित होऊन पाहत राहावे, तशी ही जीत होती.

१९२९ साली सर उमर यांची लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर नेमणूक झाली. जाताना त्यांनी आपल्या लवाजम्याबरोबर सुलतान खान यांनाही नेले. वसंत ऋतूत ही मंडळी लंडनला पोहोचली.

शेवटून पहिला ते पहिला

तिथे गेल्या गेल्या एक सराव स्पर्धा ठेवण्यात आली. तिचा निकाल पाहून सर उमर यांचे मित्र बहुधा मनात हसले असतील. विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स हे ब्रिटनचे कसलेले खेळाडू पुढे राहिले आणि सुलतान खान शेवटच्या क्रमांकावर बरोबरीत अडकले. कारण उघड होते. विलायती खेळात पहिल्या दहा-बारा चाली म्हणजे पाठांतराचा विषय. कोणत्या चालीला कोणते उत्तर द्यायचे, हे शंभर-दीडशे वर्षांच्या अनुभवातून पुस्तकांत लिहिले गेलेले. ज्याला ते ठाऊक नाही, तो दहाव्या चालीलाच अडचणीत सापडतो. दोन घरे उडी मारणाऱ्या प्याद्यांच्या धावपळीत सुलतान खान गोंधळून जात.

पण विंटर आणि येट्स हे मोठ्या मनाचे. या अबोल माणसात काहीतरी आहे हे त्यांनी ओळखले आणि त्यांच्याशी बसून सराव केला. काही आठवड्यांतच रॅम्सगेट येथे ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. तिच्यात साऱ्या साम्राज्यातले खेळाडू भाग घेऊ शकत. शेवटचा डाव संपला तेव्हा ब्रिटनचे अजिंक्यपद सुलतान खान यांच्याकडे होते. 

हे साल ध्यानात घेण्याजोगे आहे. १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला रावीच्या काठी काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. त्याच्या काही महिने आधी, त्याच पंजाबातल्या एका तरुणाने इंग्लंडच्या भूमीवर साम्राज्याचे बुद्धिबळाचे मुकुट डोक्यावर घेतले होते. मात्र त्याने ते घेतले होते साम्राज्याच्या एका निष्ठावंत सरदाराच्या पदरी राहून. सुलतान खान यांच्या आयुष्यातली ही गाठ शेवटपर्यंत सुटली नाही.

कापाब्लांकाची कोंडी

आता हेस्टिंग्जच्या त्या डावाकडे वळू. ज्यांना बुद्धिबळ फारसे येत नाही त्यांनाही यातली गंमत कळेल.

पांढरे मोहरे सुलतान खान यांच्याकडे होते. त्यांनी सुरुवात साधी, सावध केली. एक गोष्ट त्यांनी केली नाही. किल्लेकोट. विलायती खेळात दहा-बारा चालींत राजाला कोपऱ्यात नेऊन ठेवणे हा शिस्तीचा भाग. सुलतान खान यांनी राजा मधेच ठेवला आणि उलट राजाच्या बाजूची प्यादी पुढे ढकलायला सुरुवात केली. गावच्या पटावर राजाला कोपरा मिळतच नसे. मधल्या राजाला सांभाळून लढण्याची त्यांना लहानपणापासूनची सवय.

कापाब्लांकाने नेमका तिथेच घाव घालायचे ठरवले. त्याने आपले दोन्ही हत्ती मोकळ्या पट्टीवर आणले आणि पांढऱ्याच्या गोटात घुसवले. शहावर शह दिले. त्यात सौदा असा झाला की, काळ्याचे दोन हत्ती गेले आणि त्यांच्या बदल्यात पांढऱ्याचा वजीर गेला. हिशेबाने पाहिले तर वजीर नऊ प्याद्यांच्या मोलाचा आणि हत्ती पाच प्याद्यांच्या मोलाचा. म्हणजे दोन हत्ती दहा, वजीर नऊ. फरक एका प्याद्याचा. पण मोकळ्या मैदानात वजीर एकटाच धुमाकूळ घालतो. त्यात समोरचा राजा उघड्यावर. कापाब्लांकाचा होरा असा की, माझा वजीर आत शिरून एकेक प्यादे वेचून खाईल.

वजीर आत शिरला खरा. पण त्याला खायला काही मिळेना. सुलतान खान यांनी पट असा बंद करून टाकला होता की, प्याद्यांच्या साखळ्या एकमेकांत अडकलेल्या, आणि पांढऱ्याचे प्रत्येक प्यादे कोणाच्या ना कोणाच्या आधाराने उभे. राजा मधोमध, पण आपल्याच माणसांच्या घोळक्यात. वजीर म्हणजे घोडेस्वार; त्याला मैदान लागते. गल्लीबोळात त्याचा उपयोग नाही. थोड्याच चालींत त्या वजिराला हत्तीच्या धाकाने मागे फिरावे लागले.

यानंतर सुरू झाला खास सुलतान खान यांचा खेळ. घाई नाही, चमत्कृती नाही. एक हत्ती इकडे, दुसरा त्याच्या पाठीशी. एक प्यादे पुढे, मग वाट पाहणे. काळ्याला काही करता येत नाही, आणि काही न करता बसताही येत नाही. कारण बुद्धिबळात आपली पाळी आली की चाल करावीच लागते. वजीर एका वेळी एकच गोष्ट राखू शकतो. दोन हत्ती मिळून एकाच घरावर दोनदा मारा करू शकतात. या एका तत्त्वावर तीस-चाळीस चाली पाण्याच्या थेंबासारख्या पडत राहिल्या आणि पासष्टाव्या चालीला खडक फुटला.

ही स्पर्धा हॉलंडचे मॅक्स युवे यांनी जिंकली, कापाब्लांका दुसरा आला आणि सुलतान खान तिसरे. युवे पुढे १९३५ साली जगज्जेते झाले. तेव्हा तिसरा क्रमांक म्हणजे काय, याचा अंदाज यावा. याच आठवड्यांत लंडनला सेंट जेम्स राजवाड्यात पहिली गोलमेज परिषद चालू होती. तिथे डॉ. आंबेडकर, बॅ. जयकर ही मंडळी या देशाच्या भवितव्याचा डाव मांडून बसली होती.

युरोपच्या पहिल्या रांगेत

हेस्टिंग्जचा विजय म्हणजे आंधळ्याने मारलेला दगड, असे म्हणायची सोय सुलतान खान यांनी ठेवली नाही. १९३० साली लीएज येथे ते टार्टाकोव्हर यांच्या मागे दुसरे आले होते. १९३१ साली त्याच टार्टाकोव्हर यांच्याशी बारा डावांचा सामना झाला आणि तो त्यांनी साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी जिंकला.

१९३१ च्या उन्हाळ्यात प्राग येथे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड भरले. ब्रिटनच्या संघात पहिल्या पटावर बसले सुलतान खान. पहिला पट म्हणजे प्रत्येक फेरीला समोरच्या देशाचा सर्वांत बलाढ्य खेळाडू. सतरा डावांत आठ विजय, सात बरोबऱ्या आणि दोन हार, असा त्यांचा हिशेब झाला. हरलेल्यांत पोलंडचे रुबिनस्टाइन होते आणि चेकोस्लोव्हाकियाचे साॅलो फ्लोर होते. तेव्हाचे जगज्जेते अलेखाइन यांच्याशी डाव बरोबरीत सुटला. १९३२ साली फ्लोर यांच्याशी सामना झाला. तो सुलतान खान एका गुणाच्या फरकाने हरले. त्याच वर्षी बर्नच्या मोठ्या स्पर्धेत ते चौथे आले. त्यांच्या पुढे होते अलेखाइन, युवे आणि फ्लोर.

१९३१ साली येट्स यांनी ब्रिटिश अजिंक्यपद परत घेतले होते. १९३२ आणि १९३३ अशी लागोपाठ दोन वर्षे ते पुन्हा सुलतान खान यांच्याकडे आले. सलगीने शिकवणारे येट्स मात्र १९३२ च्या हिवाळ्यात राहत्या खोलीत गॅस गळून झोपेतच वारले. १९३३ साली आणखी एक नवल घडले. सर उमर यांच्याच घरची फातिमा नावाची तरुणी ब्रिटनची महिला अजिंक्यवीर झाली. एकाच घरात एकाच वर्षी ब्रिटनची दोन्ही अजिंक्यपदे, आणि दोन्ही पंजाबी.

त्या काळी जाणकारांचे मत असे होते की, डावाच्या सुरुवातीला सुलतान खान सामान्य, मध्यावर जगातल्या उत्तमांपैकी एक, आणि शेवटाकडे तर त्यांना गाठणे कठीण. पुस्तकी ज्ञानाची उणीव त्यांना प्रत्येक डावात सुरुवातीलाच दंड भरायला लावी. तो दंड भरून ते मागून येत आणि जिंकत. धावण्याच्या शर्यतीत प्रत्येक वेळी वीस पावले मागून सुरुवात करणाऱ्यासारखे हे होते.

दुसरा दंड भरावा लागे तो हवेला. इंग्लंडची ओलसर थंडी त्यांना कधीच मानवली नाही. हिवतापाचा त्रास उलटून येई, सर्दी-पडसे पाठ सोडत नसे, घसा सुजे. गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून ते स्पर्धेला येत आणि तासन् तास बसून खेळत.

गडी की गुणी?

इथे एक नाजूक प्रश्न येतो. सुलतान खान सर उमर यांच्या घरी नेमके कोण होते?

अमेरिकेचे ख्यातनाम खेळाडू रूबेन फाइन यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. १९३३ साली फोकस्टन येथे ऑलिंपियाड झाले. त्यानंतर अमेरिकेच्या संघाला सर उमर यांनी लंडनमध्ये घरी जेवायला बोलावले. मंडळी पानावर बसली आणि पाहतात तो वाढायला येत आहेत खुद्द सुलतान खान, ब्रिटनचे अजिंक्यवीर. ज्यांच्याशी आदल्या आठवड्यात बरोबरीच्या नात्याने पटावर बसलो, त्यांच्याच हातून ताट घ्यायचे, याने फाइन यांना फार अवघडल्यासारखे झाले. ही आठवण पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिली आणि सुलतान खान म्हणजे एका नबाबाचा अडाणी नोकर, अशी त्यांची प्रतिमा जगभर पक्की झाली.

२०२० साली इंग्रज ग्रँडमास्टर डॅनियल किंग यांनी त्यांच्यावर सविस्तर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच नोकर हा शब्द होता. तेव्हा सुलतान खान यांच्या घरातली पुढची पिढी बोलू लागली. त्यांचे म्हणणे असे की, आमचे घराणे जमीनजुमला असलेले, मानाचे. ते कोणाचे गडी नव्हते, निरक्षरही नव्हते. सर उमर यांनी त्यांना आश्रय दिला तो गुणाची कदर म्हणून.

यात खरे काय मानायचे? आपल्या समाजाची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला दोन्ही बाजू काही प्रमाणात पटतील. मोठ्या घरी राहणारा आश्रित पाहुण्यांची ऊठबस करतो, पंगतीत वाढायला उभा राहतो. आपल्याकडेही यजमानाच्या घरचा पुतण्या-भाचा वाढायला उभा राहतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. फाइन यांच्या अमेरिकी डोळ्यांना त्यात फक्त वाढपी दिसला असेल. पण हेही तितकेच खरे की, कोठे खेळायचे, किती दिवस राहायचे आणि कधी परतायचे, हे सुलतान खान यांच्या हाती नव्हते. धनी लंडनला गेले म्हणून ते गेले. धनी परतले की ते परतणार होते. वाढप्याचे काम केले की नाही यापेक्षा ही परतंत्रता मोठी. तिने त्यांना दार उघडून दिले, आणि तिनेच ते बंद केले.

परतीची वाट

१९३३ अखेर सर उमर यांच्याबरोबर सुलतान खान मायदेशी आले. खेळाडूचे खरे ऐन भराचे वय. युरोपात राहिले असते, पुस्तके वाचून दाखवणारा कोणी मिळाला असता, दोन-चार मोठ्या स्पर्धा आणखी खेळले असते, तर ते आणखी कुठवर गेले असते याचे तर्क आजही बुद्धिबळाचे जाणकार करतात. पण स्वतः सुलतान खान यांना मात्र त्या धुक्यातून आणि आजारपणातून सुटका झाल्यासारखे वाटले. बंदिवासातून बाहेर आल्याचा आनंद त्यांना झाला होता, असे सांगतात.

१९३५ साली त्यांचा आणखी एक सामना झाला, आणि त्यात समोर मराठी खेळाडू होते. वि. का. खाडिलकर हे त्या काळच्या देशातल्या अव्वल खेळाडूंपैकी. दहा डावांचा सामना ठरला. नऊ डाव सुलतान खान यांनी जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. ती एक बरोबरी मिळवणारे खाडिलकर होते, हेही आपण विसरू नये. मराठी मुलखात या खेळाची आवड जुनी. १९४१ साली सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि खेळाला घर मिळवून दिले. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचे संयुक्त विजेतेपद रामचंद्र सप्रे यांना मिळाले. पण हे सगळे सुलतान खान यांच्यानंतरचे. त्यांच्या वेळी परतून यायला ना संघटना होती, ना स्पर्धा.

खाडिलकरांबरोबरच्या सामन्यानंतर त्यांनी मोठ्या स्पर्धांचा पट जणू गुंडाळून ठेवला. १९४४ साली सर उमर वारले. तीन वर्षांनी फाळणी झाली आणि मिठा टिवाणा पाकिस्तानात गेले. सुलतान खान आपल्या जमिनीवर शेती करीत राहिले. संसार मोठा होता. अकरा मुले झाली. त्यांना बुद्धिबळ शिकवायला मात्र त्यांनी नकार दिला. आयुष्यात याहून उपयोगाचे काहीतरी करा, असा त्यांचा मुलांना सल्ला असे. ज्याने कापाब्लांकाला हरवले, त्या बापाने आपल्या घरात पट मांडू नये, यातले दुःख की शहाणपण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१९५० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने पहिल्यांदाच अधिकृत ग्रँडमास्टर किताब दिले. सत्तावीस नावांची यादी निघाली. तिच्यात रुबिनस्टाइन होते, टार्टाकोव्हर होते, फ्लोर होते. या तिघांनाही सुलतान खान यांनी हरवले होते. त्या वाढप्याची आठवण लिहिणारे फाइनही होते. खेळ सोडून वर्षे लोटली हे कारण सांगावे, तर १९१४ नंतर स्पर्धेपासून दूर झालेले चेक खेळाडू दुरास यांचेही नाव त्या यादीत होते. सुलतान खान मात्र नव्हते. ते हयात होते, आपल्या गावी होते. पण त्यांचे नाव पुढे करणारा देशही उरला नव्हता आणि संघटनाही नव्हती. हिंदुस्थान त्यांचा राहिला नव्हता, पाकिस्तानला त्यांची ओळख नव्हती, आणि ज्या ब्रिटनसाठी ते पहिल्या पटावर बसले, तो कधीचाच विसरून गेला होता.

२५ एप्रिल १९६६ रोजी क्षयाच्या विकाराने ते वारले.

उशिराचा मान

२०२४ च्या फेब्रुवारीत एक बातमी आली. जागतिक बुद्धिबळ महासंघाने सुलतान खान यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. महासंघाच्या अध्यक्षांनी तो पाकिस्तानच्या पंतप्रधानांकडे सुपूर्द केला. त्यांच्या निधनाला अठ्ठावन्न वर्षे होत आली होती आणि हेस्टिंग्जच्या त्या डावाला नव्वदहून अधिक. आज त्यांची गणना पाकिस्तानचे पहिले ग्रँडमास्टर म्हणून होते. आपणही त्यांना आपले म्हणतो, कारण ते खेळले तेव्हा देश एकच होता. अशा माणसावर हक्क सांगायला दोन देश पुढे यावेत, ही त्यांच्या वाट्याला उशिरा आलेली श्रीमंतीच म्हणायची.

गुण कुठेही जन्माला येतो. तो वाळवंटाच्या कडेच्या खेड्यातही येतो आणि पुस्तकाचे एक पानही न उलटता जगज्जेत्यांच्या पंगतीला बसतो. पण त्याला तिथे टिकवून धरायला काहीतरी लागते. शिक्षक, सोबती, औषधपाणी, थोडा पैसा आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक. सुलतान खान यांना यातले काही चार वर्षे मिळाले, तेही दुसऱ्याच्या मर्जीने. त्या चार वर्षांत त्यांनी जे केले ते आजही अभ्यासले जाते.

आता सुट्टीच्या दिवशी घरात मुले पट मांडून बसली, की त्यांना एकदा तो हेस्टिंग्जचा डाव मांडून दाखवावा. किल्लेकोट न करता मधोमध उभा राहिलेला पांढरा राजा, भोवती गर्दी करून उभी असलेली त्याची प्यादी, आणि समोर वाट न सापडणारा काळा वजीर. मिठा टिवाणाच्या त्या माणसाने आपल्या मागे स्वतःबद्दल फारसे काही लिहून ठेवले नाही. त्याला जे सांगायचे होते ते त्या पासष्ट चालींत आहे.